हवा नाही म्हणून वळणे सोपे होत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने तिच्या विज्ञानकथेचा नवा खर्डा मला वाचायला दिला. पहिल्या खर्ड्यात तिची वैमानिक शत्रूच्या यानावर झेपावण्याआधी टाकीत उरलेल्या इंधनाचा हिशेब वहीत मांडते, परतीला ते पुरणार नाही हे तिच्या लक्षात येते आणि ती यान न वळवता पुढच्या संधीची वाट पाहते, असा प्रसंग होता. सगळ्या कथेत मला तोच सर्वांत आवडला होता. नव्या खर्ड्यातून तो नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी यान क्षणात गर्रकन मागे वळून गोळीबार करत होते. कारण विचारले तेव्हा तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. अंतराळातील युद्धे छोटी, एकट्या वैमानिकाची लढाऊ यानेच जिंकणार, हे ‘विज्ञानाने सिद्ध केले आहे’ असे सांगणारे आणि त्यासाठी पाच कारणे देणारे ते ढकलपत्र होते. त्याआधी ते मलाही दोघांनी पाठवले होते आणि मी न वाचता सोडून दिले होते. ती माझी चूक झाली.

कथेत काल्पनिक इंजिन असण्याला माझी मुळीच हरकत नाही. लेखकाने असे इंजिन आहे असे मानावे आणि त्याचे नियम शेवटपर्यंत पाळावेत. आक्षेप आहे तो ‘विज्ञानाने सिद्ध’ या शब्दांना, कारण त्यांच्यामुळेच एका मुलीने स्वतःचा बरोबर विचार चुकीचा समजून खोडून टाकला.

सर्वांत घातक दावा पहिलाच आहे: ‘अंतराळात हवेचा विरोध नसतो, त्यामुळे छोटे यान हव्या त्या दिशेला क्षणात वळते.’ वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. विमान वळते ते हवा असते म्हणून. ते एका बाजूला कलते आणि पंखांवरचे हवेचे बल त्याला वळणाच्या आतल्या बाजूला ओढते. अंतराळात रेटा द्यायला काहीच नसते, त्यामुळे मार्ग बदलायचा तर यानाला स्वतःच्या टाकीतले वस्तुमान उलट दिशेला फेकावे लागते. यानाचे नाक फिरवणे आणि यानाचा मार्ग फिरवणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत आणि ढकलपत्राने त्यांची सरमिसळ केली आहे. लहान यानाचे नाक झटकन फिरते हे मान्य करावे लागेल, पण नाक मागे फिरले तरी यान पूर्वीच्याच वेगाने पूर्वीच्याच दिशेला जात राहते.

आकडे मांडून पाहू. यान सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने जात आहे आणि त्याला तेवढ्याच वेगाने मागे फिरायचे आहे. आधी ३ किलोमीटरचा वेग शून्यावर आणायचा आणि मग उलट दिशेला तेवढाच निर्माण करायचा, म्हणजे एकूण बदल सेकंदाला ६ किलोमीटरचा. वैमानिकाने गुरुत्वत्वरणाच्या पाचपट दाब सलग सोसला असे धरले, तरी या वळणाला दोन मिनिटे लागतात आणि उलट फिरण्यापूर्वी यान सुमारे ९२ किलोमीटर पुढे गेलेले असते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या चांगल्या रॉकेट इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. वेग किती बदलायचा त्यावरून किती इंधन लागेल हे सांगणारे रॉकेट समीकरण रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले; त्यात हे आकडे घातले, तर त्या एका वळणासाठी यानाच्या एकूण वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग इंधनाचा असावा लागतो. असेच दुसरे वळण घ्यायचे असेल, तर हे प्रमाण ९३ टक्क्यांवर जाते. मग उरलेल्या ७ टक्क्यांत इंजिन, टाक्या, शस्त्रे आणि माणूस बसवायचा.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. जून १९६५ मध्ये जेम्स मॅकडिव्हिट आणि एडवर्ड व्हाइट हे अमेरिकी अंतराळवीर जेमिनी-४ यानातून पृथ्वीच्या कक्षेत गेले. त्यांना तिथे पोहोचवणाऱ्या टायटन रॉकेटचा रिकामा टप्पा जवळच होता आणि त्याच्यासोबत उडण्याचा सराव त्यांना करायचा होता. मॅकडिव्हिट यांनी कोरियाच्या युद्धात लढाऊ विमानांतून १४५ मोहिमा केल्या होत्या. त्यांनी नाक लक्ष्याकडे धरून थ्रस्टर, म्हणजे यानाची छोटी इंजिने, चालवले, पण लक्ष्य हाती येईना, उलट दूर जाऊ लागले. कक्षेत पुढच्या दिशेने वेग वाढवला की यान मोठ्या कक्षेत चढते, तिथे एका फेरीला जास्त वेळ लागतो आणि यान मागे पडते. थ्रस्टरचे जवळजवळ निम्मे इंधन संपल्यावर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेमिनी-६ने जेमिनी-७ला गाठले आणि दोन्ही यानांत जेमतेम एका फुटाचे अंतर राहिले, पण ते आधी खालच्या कक्षेत राहून, काही तास घेऊन आणि आगाऊ मांडलेल्या गणिताबरहुकूम. कसलेल्या लढाऊ वैमानिकाचे कसब जिथे अपुरे पडले, तिथे क्षणात वळण्याची भाषा कोणत्या आधारावर केली जाते?

दुसरा दावा: ‘एकदा वेग घेतला की इंधन लागत नाही.’ हे अर्धसत्य आहे. वेग टिकवायला इंधन लागत नाही, तो बदलायला लागते. परत यायचे असलेल्या यानाला चार वेळा इंजिन पेटवावे लागते: निघताना, तिकडे थांबताना, परत फिरताना आणि ज्यातून ते निघाले त्या मुख्य यानापाशी थांबताना. क्षेपणास्त्राला निघताना एकदाच. प्रत्येक टप्प्याला इंधनासह वजन दुप्पट धरावे लागत असेल, तर एक टनाचे क्षेपणास्त्र भरल्यावर दोन टनांचे होते, तर एक टनाचे परतणारे यान सोळा टनांचे. छोटे यान छोटे राहतच नाही, ही गोष्ट त्या पत्राच्या लेखकाच्या ध्यानातच आलेली नाही.

तिसरा दावा असा की इंजिन बंद केले की यान काळोखात अदृश्य होते. डोळ्यांना ते दिसणार नाही, हे खरे. पण माणूस जगेल एवढी ऊब ज्या केबिनमध्ये आहे, तिचे बाहेरचे आवरण तेवढेच उबदार असेल, तर त्याच्या प्रत्येक चौरस मीटरमधून चारशे वॅटहून अधिक अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, बाहेर पडतात आणि मागची पार्श्वभूमी असते निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, जेमतेम तीन अंश वर. त्यामुळे उष्णता टिपणाऱ्या उपकरणाला ते यान दिसतेच. ग्रहाच्या आड लपता येईल, उष्णता एकाच दिशेने सोडता येईल, एवढी सवलत मी देतो.

चौथा आणि पाचवा दावा थोडक्यात. एकटे छोटे यान अजस्र मुख्य यान फोडू शकते, हे शक्य आहे. पण सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या एक किलो धातूतही टीएनटी या स्फोटकाच्या सुमारे १२ किलोंएवढी ऊर्जा असते आणि त्या धातूला वैमानिक लागत नाही. संगणकाला निर्णय घेता येत नाहीत म्हणून प्रत्येक यानात माणूस हवाच, या दाव्यात तथ्याचा एक अंश आहे. चंद्राच्या अंतरावर संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात आणि त्याहून दूर हा विलंब वाढतच जातो, त्यामुळे निर्णय घेणारा माणूस जवळपास असणे उपयोगाचे ठरेल. मात्र त्याने सोळा टनांच्या त्या यानातच बसले पाहिजे, हे यातून सिद्ध होत नाही.

‘मग माझ्या कथेत वैमानिक कशाला?’ असे भाचीने विचारले. समोरचे गप्प यान शत्रूचे आहे की अडकलेल्या माणसांचे, हे जवळ जाऊन ठरवण्यासाठी, असे मी सुचवले आणि ते तिला पटले. जुना खर्डा तिने जपून ठेवला होता. वहीतला हिशेब आम्ही दोघांनी पुन्हा तपासला. त्यात मुख्य यानापाशी शेवटी थांबायला लागणारे इंधन धरायचे राहून गेले होते. तेवढी एकच दुरुस्ती करायची आहे.