विचारलं काय, सांगतात काय

परवा मित्रांच्या ग्रुपवर सरळ विचारलं, बाबांचा लॅपटॉप जुना आहे, सातव्या जनरेशनचा आय५ प्रोसेसर, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे चालत नाही, बाबा बँकेचं काम आणि मेल एवढंच बघतात, तर नवा कोणता घेऊ? बजेट ३५ हजार, वर एक रुपया नाही, हेही लिहिलं. पहिलंच उत्तर, "मॅकबुक घे, डोळे झाकून". अरे बजेट तरी वाच ना! दुसरा म्हणे ग्राफिक्स कार्ड बघून घे. मग प्रोसेसर इंटेलचा की एएमडीचा यावर दोघांची जुंपली ती रात्री साडेअकरापर्यंत, माझा प्रश्न गेला कुठच्या कुठे वर. मला एवढंच हवं होतं की रॅम, म्हणजे लॅपटॉपची कामाची मेमरी, बोर्डाला सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली असली तर ती नंतर सहसा वाढवता येत नाही, मग ८ जीबी पुरेल की १६ च घेऊ, हे कुणीतरी नीट सांगावं. वर "गूगल कर ना" म्हणणारा एक असतोच. गूगल करून डोकं पिकलं म्हणूनच तुम्हाला विचारलं ना रे, आपली माणसं म्हणून! इकडे बाबा रोज विचारतायत, झालं का काही?