सीपीएल झालं म्हणजे जेट मिळालं असं नाही
चार्टर पायलट होण्यावरच्या लेखात म्हटलंय २०० तास उड्डाण आणि सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालं की चार्टर कंपनीत, म्हणजे विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीत, को-पायलट म्हणून लागता येतं. अहो, कागदावर! ते २०० तास लायसन्सपुरते, सायटेशन किंवा हॉकरसारखं छोटं बिझनेस जेट उडवायचं तर त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते मॉडेल उडवायची परवानगी, वेगळं, त्याचे लाखो रुपये बऱ्याचदा आपल्याच खिशातून, आणि उद्या मालकाने विमान विकलं की बसा रेटिंग घेऊन घरी.

मी मुंबईत कलिनाच्या जीए टर्मिनलवरून (खासगी आणि चार्टर विमानांचं टर्मिनल) उडतो, आमच्याकडे जाहिरात क्वचितच निघते, एखादा कॅप्टन चीफ पायलटला सांगतो 'पोरगा बरा आहे' आणि काम होतं. शिवाय नुसतं फ्लाइंग नाही बघत हो, पॅसेंजरच्या बॅगा उचलशील का, केटरिंग मोजून घेशील का, रात्री अकराला फोन आला तर सकाळी कोल्हापूरला कुरकुर न करता निघशील का, हे आधी बघतात. लेखात त्याबद्दल चकार शब्द नाही.