गप्प नाही हो, डाउनलोड होतंय!

एमपीएससीच्या अभ्यास ग्रुपवर पुन्हा तेच. रात्री साडेदहाला ४० एमबीची पीडीएफ आणि पाचव्या मिनिटाला ॲडमिनसाहेब: "वाचली का? जे गप्प आहेत त्यांना काढून टाकू."

अहो, गप्प कुठं, ते गोल फिरणारं चक्र बघत बसलेय! मानखुर्दला तळमजल्यावर राहतो आम्ही. इमारती इतक्या चिकटून की ऊन आत येत नाही, रेंज काय येणार? फोन एकच, दिवसाला १.५ जीबी. धाकटीचा क्लास, बाबांचे कामाचे व्हिडिओ कॉल, उरलं तर मी. संपलं की स्पीड ६४ केबीपीएस. करा हिशेब: ४० एमबीला जवळपास दीड तास! तेवढ्यात हार्बरने सीएसएमटीला जाऊन परत येईन मी.

इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असं केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय. पण पवईच्या बाविसाव्या मजल्यावर वायफाय लावून बसलेल्या ॲडमिनसाहेबांना ते कोण सांगणार? वर म्हणे, "ग्रुपच्या व्हिडिओ कॉलवर कॅमेरा ऑन ठेवा, शिस्त लागते." कॅमेरा लावला की आवाज तुटतो, आणि आवाज तुटला की "तुझी तयारी दिसत नाही".

काल म्हटलं, मुद्दे नुसते टाइप करून टाका ना. उत्तरादाखल हसणारा इमोजी आला. तोही मला सकाळी दिसला.