पावसाळ्यात टपाल न मिळण्याचे खात्रीशीर उपाय

गोव्यात राहून पावसाळ्यात टपाल वेळेवर मिळू नये, अशी तुमची मनापासून इच्छा असेल तर अर्धं काम पाऊसच करतो. उरलेलं अर्धं आपल्याला करावं लागतं आणि त्यात आपण तरबेज आहोत.

पावसाच्या वाट्याचं काम आधी पाहू. मुंबई-पुण्याहून रस्त्याने यायचं तर घाट, रेल्वेने यायचं तर बोगदे. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्याच बोगद्यात पाणी शिरलं. गाडी मिरज-लोंढ्यावरून वळवावी, तर जुलै २०२१ मध्ये अशी वळवलेली गाडीच दूधसागराजवळ दरड कोसळून रुळांवरून घसरली. दिवाडी बेटाला तर पूलच नाही, सगळी भिस्त फेरीबोटीवर. हे सगळं विसरून जा. मोबाईलवर ‘इन ट्रान्झिट’ दिसलं की ‘झोपलेत काय हे लोक?’ एवढंच म्हणायचं.

आता आपलं काम. पत्ता देताना घर नंबर, वाडा वगैरे फापटपसारा नको. ‘वडाच्या झाडाकडे, डिचोली’ पुरे. ते झाड मे २०२१ च्या तौक्ते वादळात आडवं झालं असलं तरी पत्ता तोच ठेवा, झाडाची आठवण राहते. पिनकोडातले ४०३ बरोबर लिहा, पुढचे तीन आकडे अंदाजाने. आणि शाईचंच पेन वापरा. सत्तरी तालुक्याच्या पावसात चार तास राहिलेलं पाकीट पाहिलंय? नाव आणि गाव एकत्र होऊन निळं डबकं होतं, मधे तिकीट तेवढं तरंगतं.

गेटवर पेटी लावू नका. लोक हसतील म्हणून लावायचीच असेल, तर तोंड पश्चिमेकडे ठेवा. पाऊस तिरपा तिथूनच येतो. झाकण गंजलेलं असावं, तळाला भोक नसावं. पाणी साचायला नको का? कुत्रा अर्थातच मोकळा.

एवढं करूनही पोस्टमन येतोच. शेवाळलेल्या चिऱ्यांवरून, सायकल हाताने ढकलत, रेनकोट अंगावर कमी आणि पिशवीवर जास्त. अशा वेळी सोप्यावरची खुर्ची सोडू नका. चहाचा कप हातात धरून ‘हांगा हाड रे!’ (इकडे आण रे!) अशी हाक द्या. तो पायऱ्या चढून आला की पाकीट दोन बोटांत धरून म्हणा, ‘भिजलं की हे!’ तो स्वतः ओलाचिंब आहे, याकडे लक्ष जाता कामा नये.

राखीचं वेगळं तंत्र आहे. बहिणीला आदल्या दिवशी सांगा, ‘टाक गो पोस्टात, स्पीड पोस्ट आहे ना!’ २०२५ पासून रजिस्टरही स्पीड पोस्टातच मिसळलंय, म्हणजे आता सगळंच वेगाने यायला हवं. राखी चतुर्थीच्या माटोळीबरोबर, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांबरोबर आली तर पोस्टाला शिव्या घाला, बहिणीला नको. पुढच्या वर्षी ती पाठवायची बंद होईल.

फक्त एक काळजी घ्या. कर्जाची किंवा कोर्टाची नोटीस घेऊन पोस्टमन मात्र धो धो पावसातही वेळेवर येतो. तेव्हा खुर्ची लगेच सोडा, आत जा आणि पोराकरवी सांगा, ‘बाबा घरात नात’, म्हणजे नाहीत.