योग्य त्या चौकटीत खूण करावी

उत्पन्न किती, या प्रश्नाला मध्यमवर्गीय मराठी माणसाकडे एकच उत्तर कधीही नसते. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मंडळाच्या मुलांना सांगायचा आकडा वेगळा, मुलाच्या लग्नाची बोलणी निघाली की मध्यस्थाच्या कानावर घालायचा वेगळा, हातउसने मागण्याच्या बेताने चहाला आलेल्या मेहुण्यासाठी राखून ठेवलेला वेगळा आणि घरात सांगायचा तर अगदीच स्वतंत्र. यात खोटे बोलणे कुठेही नसते. पगार कापून जाण्याआधीचा सांगायचा की हातात पडणारा, बोनस धरायचा की सोडायचा, एवढाच काय तो समोरचा माणूस पाहून घेतलेला निर्णय असतो. बँक बदलण्याच्या भानगडीत पडल्यावर मला अडचण आली ती एवढ्याचसाठी, की बँकेच्या अर्जात या प्रश्नापुढे चौकटी असतात आणि त्यांतल्या एकाच चौकटीत खूण करता येते.

बँक बदलण्याचे कारण तसे फार गंभीर नव्हते. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या, त्या उलथापालथीनंतर आमच्या कोपऱ्यावरची शाखा बंद होऊन रेल्वे फाटकापलीकडच्या शाखेत विलीन झाली. ही शाखा दुसऱ्या मजल्यावर असून तिथल्या लिफ्टला ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटी कायमची चिकटवलेली आहे. गुडघ्यांनी तक्रार केली आणि मी घराखालीच उघडलेल्या नव्या बँकेत जायचे ठरवले. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याला देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळालेली आहे. खाते क्रमांकही असाच बरोबर नेता यावा, असा विचार रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ साली बोलून दाखवला होता. ब्रिटनमध्ये तर २०१३ पासून कामकाजाच्या सात दिवसांत खाते इकडून तिकडे जाते आणि बांधलेली देणीही आपोआप त्याच्यामागे जातात. आपल्याकडे मात्र ही देणी एकेक करून खातेदारानेच सोडवायची आणि पुन्हा बांधायची असतात. पगारासाठी कचेरीला रद्द केलेला चेक द्यायचा, विम्याच्या हप्त्यासाठी नवे संमतिपत्र भरायचे, म्युच्युअल फंडासाठी आणखी एक, शिवाय वीजबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स आहेच. जुन्या बँकेने उरलेले कोरे चेक परत मागितले आणि खाते का बंद करता, असेही लेखी विचारले. ‘लिफ्ट’ हे उत्तर त्यांच्या यादीत नव्हते, म्हणून ‘इतर’ या पर्यायावर खूण करून मी बाहेर पडलो.

नव्या बँकेत मात्र वातानुकूलन उत्तम होते आणि समोर बसलेली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, अतिशय अदबशीर होती. “काका, अर्ज मीच भरून घेते, तुम्ही फक्त सांगत जा,” असे ती म्हणाली तेव्हा मला फार बरे वाटले. आईचे नाव, जन्मगाव, शिक्षण इथपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. मग तिने, मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या सर्वांना स्पष्ट ऐकू जाईल अशा शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेच्या आवाजात, “काका, वार्षिक उत्पन्न?” असे विचारले. मागच्या खुर्च्यांपैकी एकीवर आमच्या सोसायटीचे सचिव बसले होते. इमारतीच्या रंगकामाचा निधी एकरकमी देणे मला कसे शक्य नाही, हे मी अवघ्या काही दिवसांपूर्वी त्यांना काहीशा भरल्या गळ्याने पटवून दिले होते आणि चार हप्ते पाडून घेतले होते.

मी पुढे वाकून, दोरीने टेबलाला बांधलेल्या बॉलपेनने, योग्य त्या चौकटीकडे नुसता निर्देश केला. चौकटी पाच होत्या. एक लाखापर्यंत, एक ते पाच, पाच ते दहा, दहा ते पंचवीस आणि पंचवीसच्या वर. यांतली चौथी चौकट ही माझ्या मते बँकिंग व्यवसायातली सर्वांत अन्यायकारक गोष्ट आहे, कारण जेमतेम दहाचा उंबरठा ओलांडलेला माणूस आणि पंचवीसला टेकलेला माणूस यांना ती एकाच पंगतीला बसवते. (मी यांपैकी नेमका कुठे आहे, हे इथेही सांगण्याचा माझा विचार नाही.) मुलीने खूण केली आणि खात्री करून घेण्यासाठी ती मोठ्याने वाचली, “दहा ते पंचवीस लाख. बरोबर ना, काका?” सचिवांनी घसा खाकरला. त्या खाकरण्यात पंचवीस हा आकडा मला स्वच्छ ऐकू आला.

हे प्रश्न बँक हौसेने विचारत नाही, एवढे मला ठाऊक आहे. मनी लाँडरिंगला आळा घालणारा कायदा २००२ साली झाला, १ जुलै २००५ पासून तो लागू झाला, आणि तेव्हापासून ग्राहक कोण, त्याचा पैसा येतो कुठून, हे जाणून घेणे बँकांना भागच आहे. तरीपण ‘संपत्तीचा स्रोत’ या रकान्यापुढे बसल्यावर, आपल्याकडे स्रोत शोधावा इतकी संपत्ती आहे असे कुणीतरी गृहीत धरले, याचा थोडा अभिमान वाटतोच. पगार तर लिहिलाच. ‘शेती’ आणि ‘वारसाहक्क’ हे पर्याय पाहून मला कोकणातली सामाईक जमीन आठवली. तिच्या सातबाऱ्यावर इतकी नावे आहेत की माझे नाव शोधायला तलाठ्यालाही चष्मा पुसून घ्यावा लागतो, आणि तिचे माझ्या वाट्याला येणारे वार्षिक उत्पन्न म्हणजे चुलतभावाने पाठवलेली आंब्याची पेटी, तीही त्याची आठवण शाबूत असल्यास. मुलीने क्षणभर विचार करून ‘शेती’ सोडून दिले.

त्यानंतर, मी किंवा माझे निकटचे नातेवाईक ‘राजकीयदृष्ट्या प्रभावशाली व्यक्ती’ आहेत काय, असा प्रश्न आला. आमच्या आत्याचे यजमान एकेकाळी ग्रामपंचायतीचे सदस्य होते आणि त्यांच्या प्रभावाविषयी घराण्यात आजही बोलले जाते, म्हणून मी संकोचाने त्यांचा उल्लेख केला. “नाही हो काका, हे परदेशातले राष्ट्रप्रमुख, मोठे राजकारणी, लष्करी अधिकारी, त्यांच्यासाठी आहे,” असे म्हणून तिने ‘नाही’वर खूण केली. परदेशात कर भरता काय, यालाही ‘नाही’. शेवटी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मला कमी जोखमीच्या ग्राहकांत घालण्यात आले. जास्त जोखमीच्या माणसाची माहिती दर दोन वर्षांनी तपासतात, मधल्याची आठ वर्षांनी आणि माझ्यासारख्याची दहा वर्षांनी. पुढची दहा वर्षे माझ्या हातून काहीही घडणार नाही, अशी माझ्या सासरच्यांची जी ठाम समजूत आहे तिला आता संस्थात्मक पाठिंबा मिळाला.

वारसनोंदीचे पान तेवढे राहिले होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार वारसदार नेमता येतात आणि कुणाला किती टक्के हेही ठरवता येते, तेव्हा घरी विचारून भरतो असे सांगून मी अर्ज घरी आणला, आणि तो चहाच्या कपाशेजारी ठेवून हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा सौ. वारसाचे पान नव्हे, दुसरे पान वाचत होती.

“अहो, हे दहा ते पंचवीस कुणाचे?” तिने विचारले.

विमा, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी आणि गृहकर्ज यांची कपात मी तिला पुष्कळ समजावून सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि वारसदारांचा, टक्क्यांचा घोळ नकोच, खाते संयुक्त करू या आणि पासबुक कपाटात माझ्या बाजूला राहू दे, असा निकाल दिला. संयुक्त खात्यासाठी दुसऱ्या खातेदाराचाही स्वतंत्र अर्ज लागतो. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर बँकेत आली, मुलीने पुढे केलेली मदत तिने नम्रपणे नाकारली आणि अर्ज स्वतःच भरायला घेतला. तिच्या गणिताच्या शिकवण्या आहेत, शिवाय एक भिशी आहे, आणि या दोन्हींतून भाजीपाल्यापुरते सुटते, असा आकडा मला आजवर सांगण्यात आलेला आहे. उत्पन्नाच्या ओळीपाशी आल्यावर तिने डाव्या हाताचा तळवा कागदावर आडवा धरला, उजव्या हाताने खूण केली, अर्जाची घडी घातली आणि ती थेट त्या मुलीच्या हातात दिली. मुलगी ते वाचून या वेळी मात्र मोठ्याने काहीही बोलली नाही, नुसती जागेवरून उठली आणि “मॅडम, पाणी घेणार?” म्हणाली.

महिन्याभरात बँकेच्या गुंतवणूक सल्लागाराचा सौ.ला फोन आला. मला अजून आलेला नाही.