डाग गेला पाहिजे, मग काहीही जावो

मालक, नवीन फोल्डिंग खातं, म्हणजे मागावरचं कापड तपासून घड्या घालायचं खातं टाकताय? अभिनंदन. टेबल मिळेल, ट्यूबलाइट मिळेल, मेंडिंगला, म्हणजे कापडातल्या चुका दुरुस्त करायला बायकाही मिळतील. पण ग्रे म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या, न धुतलेल्या कापडावरचे तेलाचे डाग कसे काढायचे, हे कोणी धड सांगत नाही. गेल्या मंगळवारी मी ते शास्त्र डोळ्यांनी बघून आलोय. ताजं आहे तोवर सांगतो.

झालं असं, की माझ्या आठ मागांवरचे १७ तागे व्यापाऱ्याने डागासाठी बाजूला काढले. इचलकरंजीत माग चालवणाऱ्याला पुढचं सांगायला नको. कपात किती, ती कोणी ठरवली, कशावरून ठरवली... जाऊ दे. मी व्यापाऱ्याच्या फोल्डिंग खात्यात भांडायलाच गेलो होतो. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर एक आक्का हातात डाग काढायची गन घेऊन बसल्या होत्या. गन घुर्र करायची, कापडावर फवारा बसायचा, काळा डाग फिका होत होत नाहीसा व्हायचा. छान वाटत होतं बघायला. मग आक्काही टेबलावर आडव्या झाल्या.

तर पहिला सल्ला प्रथमोपचाराचा. बाई चक्कर येऊन पडली की "उपाशी आली असेल" असं मोठ्याने म्हणावं. लिंबू सरबत मागवावं, कांदा हुंगवावा. सकाळपासून नाकात जे जातंय त्यावर कांद्याचा वास म्हणजे चवीत बदल. पंधरा मिनिटांनी बाईला पुन्हा त्याच टेबलावर बसवावं.

दुसरा सल्ला, औषध, म्हणजे गनमधलं डाग काढायचं रसायन, नेहमी पाण्याच्या जुन्या बाटलीत भरावं. तिथल्या बाटलीवर स्केचपेनने 'पिऊ नये' लिहिलं होतं. सुरक्षा म्हणतात ती हीच.

औषधाचं नाव कुणी विचारू नये. मी आगाऊ, मागच्या पिंपावर वाचलं: ट्रायक्लोरोएथिलीन. धंद्यातल्या जुन्या माणसांना सीटीसी आठवत असेल, कार्बन टेट्राक्लोराइड. त्याने डाग झकास जायचा, यकृतही जायचं. पण ते बंद झालं ते यकृतासाठी नव्हे, ओझोनच्या थरासाठी. माँट्रियल करारानुसार १ जानेवारी २०१० पासून आपल्याकडे अशा कामाला ते बंद. मग आपण 'सुरक्षित पर्याय' शोधला, तो हा ट्राय. आकाशातलं भोक बुजवलं, आक्कांच्या मूत्रपिंडाचं आक्कांनी बघावं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने २०१२ मध्ये ट्रायला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं. युरोपात एप्रिल २०१६ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. अमेरिकेनेही डिसेंबर २०२४ मध्ये बंदीचा नियम जाहीर केला. आपण मात्र बाटलीवर 'पिऊ नये' लिहिलं.

पंखा कुठे लावायचा? भिंतीत, अगदी वर, छताजवळ. ट्रायची वाफ हवेपेक्षा साडेचार पट जड, ती टेबलाभोवती खालीच साचते. वरचा पंखा तिला ओढणार म्हणजे आधी बाईच्या नाकावरून नेणार. पंख्याचं बिल फाइलला लावून ठेवावं, तपासणीला उपयोगी पडतं.

हातमोजे भांडी घासायचे द्यावेत. ट्राय त्यातून आरपार जातं, पण फोटो चांगला येतो.

गडी माणूस गनवर असेल तर वेगळीच मजा. दिवसभर ट्राय हुंगून संध्याकाळी दोन घोट घेतले, की तोंडावर लाल चट्टे उठतात. वैद्यकात या लालीला नाव आहे. आपण म्हणायचं, पिऊन आला होता.

आता खरा सल्ला. डाग काढण्याबद्दल बोला, डाग पडतो कशाने हे कधीही विचारू नका. कारण विचारलं तर उत्तर यायचं, की मागाचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलाय. झिजलाय म्हणून तेल जास्त लागतं, तेलवाला कुपी उपडीच करतो, ते लोखंडाच्या काळ्या कीटासकट ठिबकतं, कापडावर पडतं. बुश बदलायचा तर माग अर्धा दिवस बंद. ठिबकतं तिथे एक पत्र्याची पन्हळ लावायची तर जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला सांगावं लागतं. पाण्याने धुतलं जाणारं तेल बाजारात मिळतं, पण ते लिटरमागे महाग, म्हणून आपण आणतो कसलं तर वापरलेलं, गाळलेलं, देव जाणे कुठल्या गाडीतलं! आणि हे ग्रे कापड शेवटी जाणार कुठे? प्रोसेसला, म्हणजे धुलाई-रंगाईला. तिथे खळ, म्हणजे सुताला लावलेली कांजी काढायला, सोड्यात उकळायला ते पाण्यात बुडणारच आहे. धुवट तेलाचा ताजा डाग तिथे आपोआप जातो. म्हणजे जो डाग पुढे पाण्याने जाऊ शकला असता, तो केवळ ग्रेच्या टेबलावर व्यापाऱ्याच्या नजरेला दिसू नये म्हणून एक बाई आठ तास विष फवारते!

"पाण्यावरचं औषध चालत नाही हो," असं मला तिथल्या माणसाने ऐकवलं. का? तर कापडावर गोल डाग उरतो. उरतो, कारण खळ भिजते. अहो, खाली हवा ओढणारं टेबल घ्या, कडेकडून आत पुसत या, दोन मिनिटं सुकू द्या. आणि उरली एखादी कड, तर ती खळीबरोबर प्रोसेसला निघते. पण दोन मिनिटं नाहीत. बाईला आडवं व्हायला पंधरा मिनिटं गेली, ती चालतात.

पुरे झाली थट्टा. मालकहो, तुम्हाला हे सगळं माहीत आहे. म्हणून तर तुमचं केबिन त्या खात्यापासून लांब, काचबंद आहे. तुमची लेक त्या टेबलावर तासभर बसवाल का? मग दुसऱ्याच्या लेकीला कसं बसवता? आणि 'पर्याय महाग पडतो' म्हणताना निदान तिच्या तोंडाकडे बघून म्हणा. मीही काही वेगळा नाही. त्या १७ ताग्यांवरचं तेल माझं होतं. कपातीवरून भांडायला गेलो, बुशाचा विचार कधी केला नव्हता.

शुक्रवारी पैसे आणायला गेलो तर आक्का गनवरच होत्या. तोंडाला पदर. "आता बरं हाय का?" विचारलं, तर म्हणाल्या, "वास येईनासा झालाय आता, बरंच हाय." बाटली तिथेच होती. त्यांच्या पुढ्यातला तागा माझ्या पाच नंबरच्या मागावरचा. तो माग मी शनिवारी बंद केलाय, जॉबर उद्या येतो म्हणालाय.