"लक्ष देऊ नका, आपोआप थंड पडतात": खरंच?

एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. जातधर्मावरून कुणी दगड मारला, भिंतीवर घाण लिहिली तर इग्नोर करा, लक्ष दिलं की ते अजून माजतात, आणि गावानं एकत्र येऊन खिडकीत चित्रं चिकटवून काय होतंय. ऐकायला लय शहाणपणाचं वाटतं. पण 1993 साली अमेरिकेत मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये काय झालं ते बघा.

पहिला मुद्दा, इग्नोर करा. तिथं ज्यूंच्या थडग्यांवरचे दगड पाडले, काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना स्किनहेड (डोकं भादरलेली, गोऱ्यांनाच श्रेष्ठ मानणारी) पोरं येऊन उभी राहायला लागली, मग एका मूळ अमेरिकन बाईच्या घरावर स्वस्तिक (नाझींचं हं, आपलं नव्हे) आणि शिव्या रंगवल्या, आणि डिसेंबरात एका ज्यू कुटुंबातल्या लहान मुलाच्या बेडरूमची काच फोडून सिमेंटच्या विटेचा तुकडा आत. का, तर खिडकीत मेनोरा होता, म्हणजे त्यांच्या हनुक्का सणाचं दिव्यांचं झाड. आता यात थंड कुठे पडले? वर त्या आईला सल्ला मिळाला की खिडकीतलं काढून टाका! तिनं ऐकलं नाही, सरळ पेपरवाल्यांना सांगितलं. तिथले पोलीसप्रमुख वेन इनमन आधी पोर्टलंड शहरात पोलिसातच होते, जिथं 1988 मध्ये स्किनहेड्सनी मुलुगेटा सेराव या इथिओपियन तरुणाला बॅटनं मारून टाकलं. दुर्लक्षाचा शेवट कुठे होतो हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरं, नुसती चित्रं. अहो, चित्रं नंतर आली. आधी पेंटर युनियनची 30 एक माणसं डबे-ब्रश घेऊन त्या मूळ अमेरिकन बाईच्या घरी गेली आणि भिंत रंगवून मोकळी झाली, पैसे न घेता. चर्चमध्ये इतर पंथाचे लोक जाऊन बसायला लागले, मग ती पोरं यायची बंद झाली. नंतर बिलिंग्ज गॅझेट या तिथल्या पेपरनं पानभर मेनोराचं चित्र छापलं आणि ज्यांचा ज्यू धर्माशी काही संबंध नाही अशा हजारो घरांनी ते खिडकीत लावलं.

तिसरं, माजतात. हे अर्धं खरंय, मान्य. मेनोरा लावल्यावर चर्चच्या काचा फुटल्या, गाड्यांच्या फुटल्या, बोर्डावर हनुक्काच्या शुभेच्छा देणाऱ्या कॅथलिक शाळेवर गोळ्या झाडल्या. धोका आहे का हे इनमनना आधीच विचारलं होतं, त्यांचं म्हणणं होतं की न लावण्यात जास्त धोका. आणि झालंही तसंच, काचा फुटल्यावर मेनोरा कमी नाही झाले, वाढले. एवढ्या खिडक्यांत नेमकं ज्यू घर कुठलं, शोधा आता.